दार तिकडं हाय

टेकडीच्या उतारावर उत्खननात एक गोल घर सापडलं आहे. घर म्हणजे काय, तर खांबांच्या खळग्यांचं एक कडं आणि मधोमध चुलीची भाजलेली माती. हजारो वर्षांपूर्वी इथे शेती करणारी माणसं राहत होती. मी दोन खळग्यांमधून सहज पाऊल टाकून आत शिरले, तर माती काढणाऱ्या कौसाबाई ओरडल्याच, "अवं ताई, भिंतीतनं काय येताय? दार तिकडं हाय!"

खरंच, एका बाजूला दोन खळग्यांमध्ये माणूस जाईल एवढी जागा सोडलेली होती. मी निमूटपणे बाहेर पडले आणि वळसा घालून दारातून आत आले. तेव्हा कुठे कौसाबाईंनी चुलीशेजारची जमीन पदराने झाडली आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसले. या घरात कुणी कुणाला 'बसा' म्हटल्याला किती काळ लोटला असेल!

नकाशे काढून झाले आहेत. घर जपायचं म्हणून उद्या ते पुन्हा मातीने बुजवणार आहेत. कौसाबाईच पहिलं घमेलं टाकतील.

निघताना मी दारातूनच बाहेर पडले. मग वळले आणि चुलीकडे बघून, सवयीनेच, म्हटलं, "येते हं."