कूलरसमोर पास झालेलं मशीन

नातीनं कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढून पलंगाखाली सरकवलं, तेव्हाच मला शंका आली. चालू वस्तूचं झाकण कोणी उगाच काढत नाही.

"काहून काढलं ते?"

"हवा लागावी म्हणून, आजी."

"आतापर्यंत नव्हती लागत?"

"आता वेग वाढवून राह्यली मी त्याचा."

नात न बांधलेल्या घरांचे व्हिडिओ करते. घर अजून जमिनीवर नसतं, नुसता नकाशा असतो. पण तिच्या पडद्यावर आपण फाटकातून आत शिरतो, जिना चढतो, गच्चीवर जातो. यवतमाळच्या एका इंजिनिअरनं तिला एक काम देऊन पाहायचं ठरवलं होतं. वेळेत आणि नीट झालं, तर पुढची घरं तिलाच. नाही झालं, तर माझा मुलगा तिला अमरावतीला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला घालणार होता. पगाराच्या नोकरीशिवाय दुसरं काही काम असतं, हे त्याला पटत नाही. मलाही फारसं पटत नव्हतं. पण घरात माझ्याशी भांडणारं तेवढंच माणूस आहे, ते अमरावतीला जावं असं मला वाटत नव्हतं.

मशीन जुनं. नवं घ्यायला बाप तयार नाही. म्हणून ती आहे त्यालाच पळवत होती. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेग लावायचा.

"मंग कंपनीले अक्कल नव्हती?" मी विचारलं.

"कंपनी जरा राखून ठेवते, आजी."

"राखलेलं तू कायले काढतं?"

मी चौथी शिकलेली. तिनं मला पोळ्यांवर समजावलं. प्रोसेसर म्हणजे लाटणारी बाई. मेमरी म्हणजे तिला गोळे करून देणारी. लाटणारीचा हात कितीही चालो, गोळा वेळेवर आला नाही तर ती बसून राहते. मागितल्यावर गोळा हातात यायला किती वेळ, ते टायमिंग. देणारीला भराभर द्यायला लावायचं आणि मधला वेळही कमी करायचा, दोन्ही एकदम ओढलं की गडबड होते.

"घाईत कच्चा गोळा देला तं?"

"तं पोळी फाटते."

"फाटलेली दिसते तरी. तुया मशीनमधली दिसते का?"

"कधी कधी नाही दिसत," म्हणाली.

तिथून माझा त्या डब्यावरचा विश्वास उडाला. बंद पडणारी वस्तू मला चालते. चूक करून गप्प बसणारी चालत नाही.

ती थोडा वेग वाढवायची, चाचणी लावायची. मशीन मध्येच बसायचं. मग वेग एक पायरी खाली, नाहीतर टायमिंग जरा ढिलं. कधी वीज थोडी जास्त द्यायची, की आतला पंखा बोंबलायला लागायचा. मला तर तिनं दुकानातून आणून आत बसवलेल्या मेमरीच्या पट्ट्यांचाच संशय होता. दुकानदारानं जुन्या पुसून दिल्या असतील, असं मी रोज म्हणायची आणि ती रोज हसायची. शेवटी एक दिवस सकाळी लावलेली चाचणी संध्याकाळपर्यंत चालली, आणि एकही चूक निघाली नाही. तिनं मला जिलेबी आणून दिली. मी खाल्ली, पण डब्याकडं पाहतच.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हात आला. लेक आणि जावई कळंबहून जेवायला येणार होते, आणि त्याच संध्याकाळी इंजिनिअरला व्हिडिओ पाठवायचा होता. नातीनं सकाळीच मशीनला काम लावलं. ते एकामागून एक चित्रं तयार करत होतं. सगळी जोडली की व्हिडिओ. तिनं बसून राहायची गरज नव्हती, म्हणून ती स्वयंपाकघरात धोंडे करायला आली.

आमच्या घरात कूलर एकच. एरवी नातीच्या खोलीत, चाकाच्या स्टँडवर असतो. जावई आला की तो समोरच्या खोलीत जातो; हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. सुनेनं तो आरतीची तयारी करतानाच ढकलत नेला. मीही पाहिलं. कूलर माणसांसाठी असतो, एवढंच मला माहीत.

जेवणं झाली. मी नातीच्या खोलीवरून गेले, तर आतला पंखा लोहाराच्या भात्यासारखा ओरडत होता. मी तिला हाक मारली. तिनं तयार झालेली चित्रं उघडली. जिना ठीक. बेडरूमच्या भिंतीवर मात्र एक काळा चौकोन. पुढच्या चित्रात नाही. त्याच्या पुढच्यात पुन्हा, खिडकीपाशी.

"मी म्हणत होती, त्या दुकानदारानं—"

"आजी, कूलर कुठं हाय?"

"जावयापाशी."

ती पलंगावर बसली. "सगळ्या चाचण्या मी कूलरसमोर घेतल्या," म्हणाली.

मी सरळ समोरच्या खोलीत गेले. "बापू, उठा. तिकडच्या खोलीत बसा. कूलरही तिकडंच न्यायचा हाय."

जावयाच्या हातात अनारसा होता. "काय झालं मामीजी? माह्यं काही चुकलं का?"

"माय, धोंड्याच्या दिवशी जावयाले उठवतं?" लेक ओरडली.

"उठवत नाही. सरकवून राह्यली."

मागून नात आली. "राहू दे, आजी. कूलर आणला तं आज निभंल. उद्या पाहुणे येतील, नाहीतर लाइट जाईल. जे कूलर असला तरच खरं बोलते, त्या मशीनचा भरवसा काय?"

हे माझंच बोलणं होतं. मी तिच्यामागून खोलीत गेले.

तिनं काम थांबवलं. मेमरीचा वेग खाली आणला, टायमिंग ढिलं केलं, प्रोसेसरलाही एक पायरी उतरवलं. मग कूलरशिवाय, त्या उकाड्यात, जमेल तेवढी चाचणी घेतली. आता प्रश्न असा, की कोणती चित्रं खराब? मोठा चौकोन दिसतो, बारीक चूक दिसत नाही. ती सुनेला म्हणाली, "आई, कूलर कधी नेला तू?" सून म्हणाली, आरतीच्या आधी. प्रत्येक चित्र कधी तयार झालं ते मशीनमध्ये दिसतं. आरतीच्या आधीपासूनची सगळी तिनं पुसली आणि पुन्हा लावली. आता मशीन मंद. संध्याकाळपर्यंत होईल की नाही, तिला सांगता येईना. मुलगा दारात येऊन पाहून गेला. जाताना त्यानं घड्याळाकडं पाहिलं.

जावई स्वतःच उठून आमच्यात येऊन बसला. तयार होणारं प्रत्येक चित्र तो तपासायला लागला.

"हे काळं काय?"

"सोफा हाय तो, बापू."

"अन् हे?"

"तेबी सोफाच. सोफ्याचीच दुसरी बाजू."

लेक बाहेरून हाका मारत राहिली, गाडी चुकेल म्हणून. जावई उठेना. ऊन उतरलं तेव्हा शेवटचं चित्र आलं. नातीनं व्हिडिओ जोडला, आम्ही सगळ्यांनी एकदा फाटकापासून गच्चीपर्यंत जाऊन आलो, आणि तिनं तो पाठवला.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरचा फोन आला. गच्चीचा कठडा बदला म्हणाला, आणि दुसऱ्या एका घराचा नकाशा पाठवतो म्हणाला. मुलानं त्यानंतर क्लासचं नाव काढलं नाही. काढणारच नाही, असं मी म्हणत नाही.

झाकण परत लागलं आहे. मशीन मंदच ठेवलंय, असं नात सांगते. पण नवं काम आल्यापासून ती पुन्हा थोडा थोडा वेग वाढवून पाहते, हे मला पंख्याच्या आवाजावरून कळतं. चाचणीच्या वेळी ती कूलर बंद करते आणि घाम पुसत बसते. मी दारातून डोकावते, तो खरंच बंद आहे का ते पाहायला.