बोसनची पाटी

दिलीपला समुद्राने नेलं त्याला आता सहा आठवडे झाले. कंपनीचा फोन वहिनींना आला, त्यांनी तो तसाच माझ्या हातात दिला. वादळात पुढच्या डेकवरचे दोर सुटले होते, बोसन म्हणून दिलीप ते बांधायला गेला, लाट आली... सापडला नाही. बदलापूरच्या त्यांच्या हॉलमध्ये उभा राहून मी नुसतं 'येस, येस' म्हणत राहिलो.

अंबरनाथच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो खलाशी झाला, मी उल्हासनगरात इंग्रजीचा मास्तर. दोन वर्षांपूर्वी तो बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम झाला आणि त्याने दारावर पितळी पाटी लावली. नावाखाली ठसठशीत 'बोसन'. पूजेला घर भरलं होतं. कुणीतरी विचारलं, बोसन म्हणजे काय हो? माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, "जुना शब्द आहे, दोन तुकड्यांचा. पहिला बोट. दुसरा उत्तर युरोपातल्या दर्यावर्दींचा, स्वेन, म्हणजे पोऱ्या, चाकर. थोडक्यात काय, आमचा दिल्या बोटीचा गडी!" सगळे हसले. तोही हसला. "बरोबर बोलला मास्तर. बोट बोलवेल तिकडे पळायचं, तेच काम आपलं." दुसऱ्या दिवशी पाटी दारावर नव्हती. मी विचारलं नाही. माफी तर लांबच राहिली.

गेल्या रविवारी वहिनींनी कपाटातून ती पाटी काढली. मागे चारही स्क्रू, चिंधीत गुंडाळून सुतळीने पाटीलाच घट्ट बांधलेले.

"बोटीवरची सवय त्यांची," वहिनी म्हणाल्या. "जे परत लावायचं असतं त्याचेच स्क्रू असे बांधून ठेवतात, भाऊजी."

म्हणजे त्याला ती परत लावायची होती. दोन वर्षं तो माझ्या एका शब्दासाठी थांबला होता का? आता कुणाला विचारू?

"लावून द्या," त्या म्हणाल्या. "परत आले आणि दारावर नाव दिसलं नाही, तर चिडतील." त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच आहे. फोटोला हार घालू देत नाहीत.

स्क्रू काढायला बसलो तर सुतळीची गाठ सुटेना. वहिनींनी कात्री आणून दिली. ती गाठ त्याच्या हातची... मला कापवली नाही. कात्री टेबलावर ठेवून दिली.

आता रोज शाळा सुटली की बदलापूरला जातो. वहिनी चहा ठेवतात, पाटी पुढ्यात देतात. मी नखांनी गाठ उकलत बसतो.