भाकरी आणि औटकी

"भाकरी खाल्लीस का?" पाढे म्हणायला उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराला आमचे पंतोजी आधी हेच विचारत. उत्तर 'नाही' आलं की कोनाड्यातला डबा निघे, मूठभर फुटाणे पोराच्या हातावर पडत आणि मगच पाढा सुरू होई.

देवास संस्थानच्या धाकट्या पातीतल्या, म्हणजे धाकट्या गादीच्या वाट्यातल्या, त्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली मास्तर म्हणून लागलो. असे नवे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. मिसरूड कोवळं आणि छडी लांब! माझा वर्ग चिडीचूप असे, पंतोजींच्या वर्गात मात्र बाजार भरलेला. कुणी चुकलं की ते खूश. "चुकलं? वा! आता चूक कुठं लपली ते सगळे शोधू." मला तो म्हातारचळ वाटे.

माझ्या वर्गात रंगाऱ्याचा धोंडू होता. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, त्याच्या तोंडून कधी निघालीच नाही. शेवटी मी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं, "याच्या डोक्यात गणित शिरायचं नाही. उद्यापासून कामाला ने." बाप मान खाली घालून उभा राहिला. धोंडूनं पाटी छातीशी घट्ट धरली होती.

पंतोजी दारातून ऐकत होते. ते आत आले, माझ्या हातातली छडी घेतली आणि सगळ्यांदेखत माझ्यावरच उगारून गरजले, "मास्तर, सात औटे किती?"

औटकी मला झोपेतही येई. पण डोळे छडीवर खिळले आणि जीभ टाळूला चिकटली.

"साडे... साडेएकवीस."

"साडेचोवीस!" मागून धोंडू ओरडला.

पोरं खो-खो हसली. पंतोजींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि भावाला घालावी तशी माळवी हाक घातली. "चुकलं? वा! भिया, भाकरी खाल्ली का?"

खरंच खाल्ली नव्हती. शरमेनं माझे कान तापले. धोंडूच्या बापाला म्हणालो, "उद्या पाठवा याला. जेवू घालून पाठवा."

"चूल तर दुपारीच पेटते, मास्तर," तो हळूच म्हणाला.

त्या दिवसापासून मीही डब्यात फुटाणे टाकू लागलो. धोंडू तिसऱ्या इयत्तेत गेला, मग चौथीत.

पुढे पंतोजी लेकीकडे अमझेऱ्याला कायमचे निघाले. जाताना डबा माझ्या हाती दिला आणि छडी मागून घेतली. "गुडघे कुरकुरतात. हिला आता जरा चालायला लावतो." छडी टेकत ते वळणापलीकडे गेले. मला रडू आलं, त्यात लपवायचं काय?

वर्गात येऊन खाली मान घालून बसलो. मग धोंडू जागेवरून उठला.

"मास्तर, भाकरी खाल्ली का?"