ती पट्टी कापून टाक म्हणे

मंडळी, आज लॅबमधून अक्षरशः किळस घेऊन बनशंकरीच्या घरी परतलेय.

आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना, तांबं पोचवणारं एक प्रथिन असतं. ते बिघडलं तर बाळं दगावतात. आम्ही अशाच एका आजारी बाळाच्या पेशी तपासतोय. त्यासाठी विकतची अँटिबॉडी वापरतो. ती त्या प्रथिनाला चिकटते आणि ते असेल तिथे फोटोत काळी पट्टी उमटते.

आज मी तीच अँटिबॉडी मुद्दाम प्रथिन काढून टाकलेल्या पेशींवर लावून बघितली. पट्टी तशीच, ठळक! म्हणजे ती इतके दिवस भलतंच काहीतरी पकडत होती. आमचे सगळे निकाल कचरा.

धावत आमच्या लॅबप्रमुख सरांकडे गेले. फोटो बघून ते म्हणाले, "अगं, फोटोतली एवढी पट्टी कापून टाक. आपला रिसर्च पेपर जाऊ दे पुढे."

"सर, त्या बाळाच्या आईने विश्वासाने पेशी दिल्यात."

"ती कुठे पेपर वाचणारे?"

"मग पेपरवरून माझं नाव काढा," म्हटलं आणि बाहेर पडले.

तासाभरात सरांनी सगळ्यांना नवा मसुदा पाठवला. त्यात ती पट्टी नाही, आणि माझं नावही नाही.

सोमवारी बाळाची आई निकाल विचारायला येतेय. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?