माझं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर

मंडळी, आज अकोल्यात आमच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत मी एक परोपकार केला आणि तासाभरात तो परत घ्यावा लागला.

आम्ही सगळे वापरतो त्या एकाच कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मी सोर्स कोडवरून स्वतः तयार केली. ती माझ्या फोल्डरमध्ये बसवायची की सगळ्यांसाठीच्या, हे मीच ठरवायचं होतं. सगळ्यांसाठीच्या फोल्डरमध्ये बसवली. एकट्यानं वापरून कौतुक कोण करणार?

थोड्याच वेळात माझ्या सहकारी वानखडे मॅडम समोर उभ्या. चार वाजता बाळापूरच्या बैठकीत त्यांना नकाशे दाखवायचे होते आणि फाईल उघडेना.

"सर, माह्या कामात हात काहून घातला?"

"मॅडम, जुन्या सॉफ्टवेअरले मी बोटही लावलं नाही."

खरंच नव्हतं लावलं. पण असं हातानं बसवलेलं सॉफ्टवेअर ज्या जागी जातं, तिथं कॉम्प्युटर आधी पाहतो. जुनं जागेवर होतं, त्याला विचारतच कोणी नव्हतं; आणि मॅडमची जुनी फाईल माझ्या नव्या आवृत्तीला उघडता येत नव्हती.

मी माझं तिथून काढून स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवलं. मॅडमचे नकाशे निघाले. जाताना म्हणाल्या, "चांगलं असन त मीच मांगून घेईन ना."

मंडळी, न मागता वाटायची ही घाई आपल्याला काहून होते? तुम्ही कुठं बसवता, स्वतःच्या फोल्डरमध्ये की सगळ्यांच्या?