साक्षीला निघालेली जीप

बारा डिसेंबर. संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून मी एका पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होते. पोरगी नऊ वर्षांची. आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेले, म्हणून हंगामभर आमच्याकडे. मावशीला तिच्या नवऱ्याने जिवे मारलं, ते हिने दारातून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी नगरच्या कोर्टात तिची साक्ष होती आणि सोबतीला कोर्टाने मला, अधीक्षिकेला, नेमलं होतं.

काय बोलायचं ते मी शिकवायचं नव्हतं. फक्त जागा समजावली. मागच्या दाराने जायचं, वेगळ्या खोलीत थांबायचं, साक्षीच्या वेळी मध्ये पडदा असेल.

"तो दिसल मला?"

"नाही."

"त्याची आई?"

"तीही नाही."

सकाळी खोली आणि पडदा बघायला मी पहिल्या एसटीने पुढे गेले. पोरीला मिरजगावच्या फाट्यावरून आमची स्वयंपाकीण आणणार होती. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम केलेलं. मला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस तिने एकटीने वसतिगृह चालवलं होतं. दुसऱ्या कुणाचा विचारही मनात आला नाही.

साडेदहाला कोर्टासमोर आरोपीच्या वस्तीवरची जीप थांबली. आधी स्वयंपाकीण उतरली, मग आरोपीची आई आणि तिचं बोट धरून पोरगी. पोरीच्या हातात भेळेचा पुडा. मी तिला बाजूला घेऊन मागच्या दाराने आत नेलं.

पडदा ठरल्याप्रमाणे लावलेला होता. न्यायाधीश बाईंनी तिला सावकाश, दोनदा विचारलं.

"मी झोपले हुते," ती म्हणाली. पुढे एक शब्द नाही.

बाहेर आल्यावर मी स्वयंपाकिणीला गाठलं.

"एसटी चुकली, बाई. गावचीच मानसं, एकाच कोर्टात चाललेली. गाडीत जागा हुती."

"फाट्यावर तुम्ही उभ्या आहात हे त्यांना कसं कळलं?"

तिने पदर सारखा केला. "मीच सांगितलं. इचारलं त्यांनी. तुमची काय, उद्या बदली हुईल. मला त्याच गावात ऱ्हायचंय."

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "आजी म्हनली, बोललीस तर तुझ्या आईबापाला टोळीतून हाकलू." आरोपीचा भाऊ त्याच ऊसतोड टोळीचा मुकादम. मला ते ठाऊक होतं, म्हणूनच कोर्टाकडून मागच्या दाराची परवानगी घेतली होती.

"तुमी म्हनल्या हुत्या, ती दिसनार न्हाई."

"म्हणाले होते," मी म्हटलं.

फाट्यावर उतरून तिच्या बापाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काढू द्या. दुसरी टोळी बघू. पोरीला बोलू द्या, बाई."

सकाळी उठून अर्ज लिहिला. पोरीला कुणी आणलं, जीपमध्ये तिच्या शेजारी कोण बसलं, तिला काय सांगितलं गेलं आणि तिची साक्ष पुन्हा घ्यावी, एवढंच. स्वयंपाकीण भाकरी थापत होती. तिचं नाव ज्या ओळीत होतं ती ओळ मी तिला वाचून दाखवली. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. साडेसातच्या एसटीने नगरला गेले, अर्ज सरकारी वकिलांच्या हातात दिला आणि पोच घेतली.