भुताला कुंकू

आमच्या कंपाउंडमधल्या हॅलोविनची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, तेव्हा वर्ल्ड कपला महिनाही उरला नव्हता. कतारमधल्या अल वक्राच्या रस्त्यांवर झेंडे लागले होते, हमद बंदरात नोकरीला असलेला नवरा घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत होता, आणि कपसाठी शाळा लवकर सुटणार म्हणून सगळ्या आया धास्तावल्या होत्या. नोटिशीत मागच्या गल्लीतल्या आयरिश बाईंनी ठासून लिहिलं होतं की पोशाख घरीच केलेला हवा, विकतचा चालणार नाही. बटण लावणं आणि साडीला फॉल लावणं, माझं शिवणकाम इथे संपतं. त्यामुळे माझ्या सात वर्षांच्या लेकीने 'घोस्ट' व्हायचं जाहीर केलं तेव्हा मला हायसं वाटलं. भुताला निदान बाह्या नसतात.

त्या दिवसांत माझी आई आमच्याकडे आली होती. नोव्हेंबरपासून कपमुळे पाहुण्यांना व्हिसा मिळणार नाही असं कळलं, म्हणून तिला ऑक्टोबरमध्येच नाशिकहून बोलावून घेतलं होतं. बाबा मार्चमध्ये गेले. मला विमान मिळून मी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली आणि सगळं उरकलेलं होतं. मी बाबांना पाहिलंच नाही. तेरावा झाल्यावर मी परत निघाले. लग्न झालेली लेक माहेरून निघते तेव्हा आई तिला हळदकुंकू लावते. एरवी मी एक पाय दारात ठेवून घाई करायचे आणि आई डबी घेऊन मागे यायची. त्या दिवशी ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि मला कुंकू लावायला तिने समोरच्या काकूंना बोलावून ठेवलं होतं. मी काकूंना म्हटलं, "राहू द्या," आणि तशीच टॅक्सीत बसले. मला आईचा राग आला होता. ऑक्टोबरपर्यंत तो गेलेला नव्हता.

वक्राला आल्यावर आई स्वयंपाक करायची, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची, लेकीला डाळिंब सोलून द्यायची. लेक इंग्रजीत बोलायची, आई मराठीत, आणि दोघींचं बरं चाललं होतं. फक्त देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीला ती हात लावायची नाही. पाडव्याला मी नवऱ्याला ओवाळायला बसले तर ही बेडरूमचं दार लोटून आत. मी आत जाऊन म्हटलं, "आई, इथे कतारमध्ये तुला कोण बघतंय?"

"मी बघते ना," ती म्हणाली.

मी ताट उचललं.

तर भूत. आमच्या सगळ्या चादरी फुलाफुलांच्या, आणि फुलाफुलांचं भूत लेकीला मान्य नव्हतं. मी कापडाच्या दुकानात गेले. तिथे झेंड्यांची नुसती झुंबड होती. ब्राझील आणि अर्जेंटिना मीटरवर विकले जात होते. दुकानदाराला मी हिंदीत म्हटलं, "सफेद कॉटन, सबसे सस्ता." त्याने माझ्याकडे न बघता खालच्या फळीवरून एक तागा ओढला. मांजरपाट होता. खळीने कडक, हातात धरला तर कागदासारखा वाजणारा. उभा राहील छान, मी मनात म्हटलं, आणि तीन मीटर घेतलं.

पार्टीच्या दिवशी शाळेतून आल्यावर लेकीला जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर उभं केलं आणि कापड डोक्यावरून सोडलं. घड्या तशाच उभ्या राहिल्या. मी चाचपडत तिचे डोळे शोधले, स्केचपेनने दोन गोल काढले आणि कात्री घ्यायला वळले. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात डाळिंबाच्या दाण्यांची वाटी.

"काढ ते," ती म्हणाली.

"अगं, भूत व्हायचंय तिला. खेळ आहे."

"कोरं आहे ते. आधी काढ तिच्या अंगावरून."

माझा पारा चढला. आठ महिने साठवलेलं सगळं मी तिथे बाहेर काढलं. हे चालत नाही, ते चालत नाही, कुंकवाला हात लावायचा नाही, पाडव्याला बाहेर यायचं नाही, आता कापडसुद्धा चालत नाही, मग इथे येऊन तरी काय उपयोग झाला, असं बरंच. आई ऐकत होती. माझं संपल्यावर तिने वाटी टेबलावर ठेवली.

"ह्यांच्यावर असंच होतं," ती म्हणाली. "असंच कडक. घड्या मोडल्या नव्हत्या. चेहऱ्यावरून नीट बसतसुद्धा नव्हतं. मी दोनदा हाताने दाबलं."

मी कात्री खाली ठेवली. मी त्या घरात नव्हते, म्हणून मला ते कापड नुसतं स्वस्त आणि पांढरं दिसलं होतं. मला स्वतःची इतकी लाज क्वचित वाटली आहे.

"मम्मा, कॅन आय कम आउट?" कापडाच्या आतून आवाज आला.

मी कापड ओढून काढलं. लेकीचे केस विस्कटले होते. तिने आधी माझ्याकडे, मग आजीकडे पाहिलं आणि विचारलं की आता ती घोस्ट नाही का. मी नाही म्हणणार होते. म्हटलं असतं, तुला परी करते, जुनी ओढणी आहे. पण आईच म्हणाली, "होशील हं. पण खळ काढायला हवी."

तिने मांजरपाट बादलीत बुडवला आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली. पाणी पिठासारखं गढूळ झालं. मी शेजारी बसून दुसरं टोक चोळलं. बाबांना शेवटी कोणता सदरा घातला होता, एवढं मी विचारलं. निळ्या चौकड्यांचा, तिने सांगितलं. पिळून गॅलरीत घातलेलं कापड वक्राच्या उन्हात तासाभरात वाळत आलं, फक्त काठ ओलसर राहिले. आता ते मऊ होतं. मी डोळे कापले, खांद्याला दोन सेफ्टी पिना लावल्या आणि भूत तयार झालं. पाच वाजायला आले होते.

"बोट लाव आता," आई म्हणाली. नवा कपडा अंगावर घालण्याआधी त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावायचं, हे आमच्या घरात रुमालालासुद्धा चुकलं नव्हतं.

मी देव्हाऱ्यातली डबी आणली, उघडली आणि तिच्यापुढे धरली. "तू लाव."

"मी कशी लावू? तू लाव ना, घरची सवाष्ण आहेस."

"मी नाही लावणार. तशीच जाईल ती."

हा दुष्टपणा होता, मला कळत होतं. आईने डबीकडे पाहिलं, मग कापडाकडे. लेक गोळ्यांची पिशवी हातात घेऊन एका पायावर नाचत होती. आईचं बोट डबीत गेलं. तिने कोपरा धरला आणि दाबून बोट टेकवलं.

कोपरा ओला होता. कुंकू पसरलं, वाहिलं आणि बघता बघता चांगला वीतभर लाल ओघळ तयार झाला. "अगंबाई," आई म्हणाली. लेकीने ते पाहिलं आणि आनंदाने किंचाळली. आमच्या कोणाच्याही लक्षात येण्याआधी ती कापड डोक्यावरून ओढून दाराबाहेर पळाली होती.

हॅलोविनचा सगळा कार्यक्रम कंपाउंडच्या भिंतीआत, क्लबहाउसमध्ये. घरीच करायचं म्हटल्यावर निम्म्या आयांनी माझ्याएवढाच विचार केला होता. पांढऱ्या चादरींची रांग लागली होती. पण रक्ताळलेलं भूत एकच होतं. ते कोणी केलं म्हणून मुलांनी विचारलं, तेव्हा माझ्या लेकीने आजीचं नाव सांगितलं आणि घराचा नंबरही. अर्ध्या तासात आमची बेल वाजली. दारात चार भुतं. मागे दोन आया, जरा ओशाळलेल्या. आम्हाला पण ब्लड पाहिजे, ग्रॅनीकडे असतं म्हणे.

आईने माझ्याकडे पाहिलं. ती डबी घेऊन आली, एका हाताने वाटीतलं पाणी शिंपडत गेली, दुसऱ्याने बोट टेकवत गेली. एकेका भुताला 'हं, झालं' म्हणत होती. चौथं अगदीच लहान होतं, त्याला तिने दोनदा लावलं. भुतं "शुक्रन, थँक्यू" ओरडत पळाली.

आई डबीचं झाकण शोधायला लागली. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुला काय झालं? तू थोडीच भूत आहेस?"

"माझं मार्चमधलं राहिलंय," मी म्हटलं.

तिने डबी खाली ठेवली. बोटाला कुंकू होतंच, ते तिने माझ्या कपाळावर टेकवलं. हात ओला होता, त्यामुळे तेही पसरलं आणि नाकापर्यंत ओघळलं. ते पुसायला तिने पदर उचलला. मी तिला पुसू दिलं नाही.